शेकडो फोल्डर, हजारो फायली आणि कांद्याचा भाव: शेलमधून एकगठ्ठा काम कसं करावं?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. आमच्या निफाड तालुक्यातल्या शेतकरी गटाने गेली काही वर्षं एक काम नेटाने चालवलंय. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधला कांद्याचा रोजचा भाव गटातली मुलं-मुली टिपून ठेवतात. तारीख, प्रकार, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल आणि सरासरी. प्रत्येक समितीचा एक फोल्डर: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, सटाणा, कळवण, उमराणे, नांदगाव वगैरे. आत वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा, आणि दिवसाला एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेली).

आता हे सगळं एकत्र करायचं आहे. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) भरला की पुढे सहा महिने एकच प्रश्न असतो, काढायचा कधी? लवकर काढला तर सड कमी लागते, पण सगळ्यांचाच माल बाजारात असतो. ऑक्टोबरपर्यंत थांबलं तर वजन घटतं, कोंब फुटतात आणि खरिपाचा लाल कांदा उतरायला लागतो. समितीनिहाय, महिनानिहाय भाव आणि आवक समोर असेल तर निदान अंदाजाने चाळ मोकळी करायला नको.

एकेक फाइल उघडून चिकटवत बसणं शक्य नाही. माझ्याकडे उबुंटू असलेला जुना लॅपटॉप आहे. टर्मिनलची भीती नाही, सीडी आणि एलएस येतं. गटातल्या इतरांकडे विंडोज आहे, एकाकडे मॅक. पुढची वाट दाखवा.

सह्याद्रीवारा

ताई, तुमच्या गटाने रोजच्या रोज नोंद ठेवली हे मोठं काम केलंय. पुढचं सगळं त्यावरच उभं राहणार आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.

सगळ्यात आधी मूळ फोल्डरची प्रत काढा. सीपी -ए केलं की तारखा आणि परवानग्यांसकट जसंच्या तसं उतरतं. मूळ प्रत पेनड्राइव्हवर टाकून बाजूला ठेवा आणि काम फक्त नकलेवर करा.

त्यानंतर कशालाही हात न लावता नुसतं बघा:

फाइंड . -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल

एकूण फायली किती ते कळेल. मग कुठल्या प्रकारच्या किती आहेत ते:

फाइंड . -टाइप एफ | सेड 'एस/.*\.//' | सॉर्ट | युनिक -सी

इतक्या जणांनी भरलेल्या फायलींत सगळ्या सीएसव्ही असतील असं समजू नका. एक्सेलच्या निघतील, फळ्याचे फोटो निघतील, मोठ्या लिपीतलं एक्स्टेन्शन असलेल्याही निघतील. म्हणून शोधताना -नेम ऐवजी -आयनेम वापरा, म्हणजे लहान-मोठी अक्षरं दोन्ही सापडतात. आणि '*.सीएसव्ही' हा नमुना अवतरणातच हवा. अवतरण नसेल तर तो फाइंडपर्यंत पोचायच्या आधी शेलच (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उलगडतो. चालू फोल्डरमध्ये एखादी सीएसव्ही पडलेली असली तर फाइंड फक्त त्याच नावाची फाइल शोधत बसतो.

फाइंड . -टाइप एफ -एम्प्टी चालवलं की रिकाम्या फायली दिसतील. त्या पुसू नका, यादी काढून ठेवा. का ते ज्यांना बाजार कळतो ते इथे सांगतीलच.

गोदाकाठ

फॉर लूप लावा की सरळ. फॉर एफ इन $(फाइंड . -आयनेम '*.सीएसव्ही'), मग डू आणि आत हवं ते काम. मी ऑफिसात असंच करतो, चालतं.

सह्याद्रीवारा

गोदाकाठ, तुमच्या ऑफिसातल्या नावांत मोकळी जागा नसेल म्हणून चालतं. इथे एका समितीचं नावच पिंपळगाव बसवंत आहे. $( ) मधून आलेल्या मजकुराचे शेल मोकळ्या जागेवर तुकडे करतं. मग लूपला एक फाइल मिळते ती पिंपळगावपाशी तुटलेली आणि दुसरी बसवंतपासून सुरू झालेली, आणि दोन्ही अस्तित्वात नाहीत. पिंपळगावसारख्या मोठ्या बाजाराची सगळी आवक बेरजेतून गळेल. चुकांचे संदेश पडद्यावरून वर सरकून गेले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

यावर पक्का उपाय असा:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.सीएसव्ही' -प्रिंट० | एक्सार्ग्ज -० आज्ञा

इथे दोन नावांच्या मध्ये शून्य बाइट जातो. फाइलच्या नावात तो कधीच येऊ शकत नाही, त्यामुळे जागा, अवतरणं, नव्या ओळी, काहीही असलं तरी नाव अखंड राहतं. एक्सार्ग्जशिवाय -एक्झेक आज्ञा {} + असंही चालतं. शेवटी + दिला तर फाइंड अनेक नावं एका खेपेत आज्ञेला देतो, \; दिला तर प्रत्येक फाइलसाठी आज्ञा नव्याने सुरू होते. हजारो फायलींवर हा फरक चांगलाच जाणवतो.

लूपच हवा असेल तर बॅशमध्ये ग्लोबस्टार (आतले सगळे फोल्डर धुंडाळणारा ** नमुना) चालू करा आणि **/*.सीएसव्ही लिहा. आत "$एफ" नेहमी दुहेरी अवतरणात. मॅकवरचं बॅश अजून ३.२ आहे आणि ग्लोबस्टार ४.० मध्ये आलं, पण मॅकवर २०१९ पासून झेडएसएच हेच मूळ शेल आहे आणि त्यात ** आपोआप चालतं.

गोदाकाठ

पटलं. मोकळ्या जागेचा मुद्दा माझ्याही स्क्रिप्टांत आज दुरुस्त करतो.

द्राक्षवेल

प्रत काढली, यादी बघितली. सीएसव्ही बहुतेक आहेत, थोड्या एक्सेलच्या निघाल्या, त्या लिब्रेऑफिसमधून वेगळ्या करून घेते. ऑकने (स्तंभांवर हिशेब करणाऱ्या आज्ञेने) आवकेची बेरीज करून बघितली तर काही फोल्डरांची चक्क शून्य येते. फाइल उघडली तर आकडे व्यवस्थित दिसतात. असं का होत असावं?

वणीची वाट

ताई, ते आकडे देवनागरीत आहेत का बघा. मोबाइलवर मराठी कीबोर्डने भरले असतील तर १८५० असं पडलेलं असतं. वाचणाऱ्याला तो आकडा आहे, ऑकला मात्र ती नुसती अक्षरं. अक्षरांची किंमत तो शून्य धरतो आणि पुढे जातो, चूक म्हणून काही सांगतही नाही.

अंक बदलायला बरेच जण टीआर सुचवतील, तो वापरू नका. लिनक्सवरचा ग्नू टीआर एकेका बाइटवर काम करतो आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यामुळे निघेल तो कचरा. सेडचा (मजकूर बदलणाऱ्या आज्ञेचा) वाय आदेश वापरा: पहिल्या भागात ० ते ९ देवनागरी, दुसऱ्या भागात तेच दहा इंग्रजी अंक. टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ असायला हवं. नसेल तर सेड दोन्ही भागांची लांबी जुळत नाही म्हणून तक्रार करून थांबतो. माझ्या मते थांबतो तेच बरं, निदान फाइल बिघडत नाही.

त्याच वेळी तीन गोष्टी उरका. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची न दिसणारी खूण असते, तिला बॉम म्हणतात. तिच्यामुळे पहिल्या स्तंभाचं नाव 'तारीख' दिसतं पण 'तारीख'शी जुळत नाही, आणि फायली एकापुढे एक जोडल्या की ही खूण मध्येच येत राहते. दुसरं, विंडोजवर भरलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे एक जादा, न दिसणारं चिन्ह असतं. शेवटच्या स्तंभात मजकूर असेल तर तुलना फसते. डॉसटूयुनिक्स या आज्ञेने दोन्ही जातात. तिसरं, हजाराचा स्वल्पविराम. १,८५० असं अवतरणात लिहिलेलं असेल आणि ऑकला स्वल्पविराम हीच सीमा सांगितली असेल तर त्या आकड्याचे दोन स्तंभ होतात आणि पुढचे सगळे एक घर सरकतात. गॉकच्या (ग्नूच्या ऑकच्या) ५.३ आवृत्तीपासून --सीएसव्ही हा पर्याय आहे, तो अवतरणं ओळखतो. नाहीतर मिलर नावाचं साधन घ्या. सीमा नीट ओळखली गेली की त्या स्तंभातले स्वल्पविराम जीसबने (ऑकमधल्या शोधून बदलण्याच्या आदेशाने) काढून टाका, नाहीतर ऑक १,८५० मधला फक्त एक धरतो.

आणि उबुंटूवर मूळचा ऑक म्हणजे मॉक असतो. तो वेगवान आहे, पण अक्षरं न मोजता बाइट मोजतो. मराठी मजकुरासाठी गॉक वेगळा बसवून घ्या.

द्राक्षवेल

देवनागरी अंकच होते. वाय आदेशाने बदलले आणि येवल्याची बेरीज लगेच आली. गटातल्या मॅकवाल्या दादाच्या फायलींत मात्र निराळाच घोळ आहे. त्याच्याकडे 'शेतकऱ्यांच्या नोंदी' असा फोल्डर आहे. माझ्याकडे त्याच नावाचा आहे. दोन्ही एकत्र केले तर एकसारख्या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात!

वणीची वाट

हा सगळा 'ऱ्या'चा प्रताप. युनिकोडमध्ये ऱ हे एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. डोळ्यांना एकच, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं नेहमी सुटी करून ठेवायची. लिनक्स जे दिलं ते जसंच्या तसं ठेवतो, म्हणून त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं.

कन्व्हएमव्ही -आर --एनएफसी चालवा (एनएफसी म्हणजे जोडलेलं, एकचिन्ही रूप), स्रोत आणि लक्ष्य दोन्ही यूटीएफ-८ सांगा. ही आज्ञा मला फार आवडते, कारण ती आपणहून काहीच बदलत नाही. काय बदलेल ते फक्त दाखवते. पटलं तर --नोटेस्ट जोडून पुन्हा चालवायची.

तरीही एक प्रकार उरतो. काही कीबोर्ड 'ऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरीच वाट धरतात. ती एनएफसीने एकरूप होत नाही, सेडने वेगळी बदलावी लागते. शेतकरी, व्यापारी, अडते यांच्याबद्दल लिहिताना 'ऱ्या' शंभरदा येणार. मराठीत नावं द्यायची असतील तर हे एकदा नीट लावून घ्या. मराठी नावं देऊच नका असं मी म्हणणार नाही. समितीचं नाव नांदगाव आहे तर फोल्डरही नांदगावच असावा. फक्त नाव आटोपशीर ठेवा, कारण उबुंटूच्या ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात. म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

कळवणकर

संगणकातलं मला मोजकंच कळतं, पण चाळी भरण्यात आणि बाजारात माल नेण्यात आयुष्य गेलंय. धागा पहिल्यापासून वाचला. दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली, सरासरीची. महिन्याचा भाव काढताना रोजच्या सरासरीची नुसती सरासरी काढू नका. एखाद्या दिवशी मोजक्या गाड्या येतात, चांगला माल असतो, भाव चढा निघतो. दुसऱ्या दिवशी आवार गच्च भरतं आणि भाव पडतो. शेतकऱ्याचा बहुतेक माल त्या पडलेल्या भावात गेलेला असतो. नुसती सरासरी दोन्ही दिवसांना सारखंच मोजते आणि महिना चांगला गेला असं दाखवते. रोजचा सरासरी भाव गुणिले त्या दिवशीची आवक, त्याची महिन्याची बेरीज, आणि तिला एकूण आवकेने भागा. हे करणार नसाल तर तक्ता करूच नका, लोक त्यावर भरवसा ठेवून चाळी उघडतील.

दुसरी, बंद दिवसांची. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि पाठोपाठ जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्या दिवसांच्या तुमच्या फायली रिकाम्या असतील किंवा नसतीलच. तिथे शून्य भाव धरलात तर सगळं खोटं ठरेल. पुढे ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली तेव्हाही भावाची पडझड झाली, पण ते खरे भाव होते, लोकांनी त्या भावात माल दिलाय. ते आकडे फार कमी दिसतात म्हणून कुणी चूक समजून काढून टाकू नयेत.

आणि गोल्टी (बारीक कांदा) व खाद (खराब, डागी माल) उन्हाळच्या आकड्यांत मिसळू नका. त्यांचा भाव वेगळा, घेणारेही वेगळे.

द्राक्षवेल

दादा, अगदी मोलाचं सांगितलंत. रिकाम्या फायलींची यादी आता हातात आहे. तारखा जुळवून प्रत्येकीसमोर सुट्टी, लिलाव बंद किंवा नोंद राहिली यांपैकी एक लिहायला गटातल्या दोघींना बसवते. प्रकाराच्या स्तंभात मात्र उन्हाळ, उन्हाळी, गावठी, उ. कांदा असं सगळंच आहे.

सह्याद्रीवारा

प्रकाराचे सगळे वेगवेगळे शब्द आधी बाहेर काढा. गॉकने तो स्तंभ, मग सॉर्ट आणि युनिक -सी. जी यादी येईल ती कळवणकर दादांसारख्या माणसाला दाखवा आणि कुठला शब्द कशात धरायचा ते त्यांनाच ठरवू द्या. ठरलेले बदल ओळीला एक असे साध्या फाइलमध्ये लिहा आणि सेड -एफ ने लावा. ही फाइल जपून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी विचारलं की गावठी कशात मिळवलं, तर उत्तर लेखी असेल.

आता जोडणी. गॉकला एफएनआर आणि एनआर असे दोन मोजणीदार असतात. एनआर सगळ्या फायलींमधून वाढत जातो, एफएनआर प्रत्येक फाइलला पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणून एफएनआर == १ असेल ती ओळ शीर्षकाची, ती सोडा. समितीचं नाव स्तंभात नाही, ते फोल्डरच्या नावात आहे. फाइलनेम या चलात पूर्ण मार्ग असतो, तो स्प्लिटने / वर तोडला की समिती, वर्ष आणि महिना आयते मिळतात. मग आवक गुणिले भाव यांची बेरीज एका तक्त्यात, आवकेची दुसऱ्यात, आणि एन्डमध्ये भागाकार. आवक रिकामी असेल तर ती ओळ बेरजेत घेऊ नका, वेगळ्या फाइलमध्ये टाका.

एक काळजी घ्या. फायली फार असतील तर एक्सार्ग्ज गॉकला दोन-तीन खेपांत चालवेल आणि प्रत्येक खेपेची बेरीज वेगळी निघेल. देवनागरी मार्ग बाइटांत लांब असल्याने ही मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त शीर्षक काढून, समितीचं नाव जोडून सगळ्या ओळी एका मोठ्या फाइलमध्ये ओता. बेरीज दुसऱ्या टप्प्यात त्या एकाच फाइलवर करा.

गोदाकाठ

एक भर माझ्याकडून. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फायली दोनदा उतरवल्या जातात, नावापुढे कंसात आकडा लागतो. त्या दिवसाची आवक दुप्पट मोजली जाईल. एसएचए२५६सम (फाइलच्या मजकुराचा ठसा काढणारी आज्ञा) सगळ्यांवर चालवा, सॉर्ट करा आणि युनिक -डब्ल्यू ६४ -मोठा डी लावा, आतून हुबेहूब असलेल्या जोड्या समोर येतात. अंक आणि बॉम दुरुस्त करायच्या आधीच हे करा असं नाही, नंतर केलं तर उलट जास्त जोड्या सापडतील. फक्त रिकाम्या फायली आतून सगळ्या सारख्याच असतात, त्याही जोड्या म्हणून दिसतील, त्या वगळा.

आणि फाइंडच्या -डिलीटपासून सांभाळून. तो अटी डावीकडून उजवीकडे वाचतो. -डिलीट आधी आणि -नेम नंतर लिहिलं तर नाव तपासायच्या आधीच सगळं पुसलं जातं. मी तर जादा फायली पुसायच्या ऐवजी एमव्ही -एन ने वेगळ्या फोल्डरमध्ये हलवतो. -एन मुळे तिथे त्याच नावाची फाइल असली तर ती चिरडली जात नाही.

द्राक्षवेल

मोठी फाइल तयार झाली! लासलगाव, पिंपळगाव आणि उमराणे यांचे महिनानिहाय भारित भाव काढले आणि काही महिन्यांचे आकडे गटातल्या जुन्या पावत्यांशी पडताळले, जुळतात. जोड्याही सापडल्या, हलवून ठेवल्या. येत्या बैठकीत तक्ता भिंतीवर लावणार आहे.

आता शेवटचं विचारते. रोज रात्री हे आपोआप व्हावं म्हणून स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) टाकली. हाताने चालवली की बरोबर चालते, क्रॉनमधून चालत नाही. कधी अंक बदलत नाहीत, आणि तारखेच्या नावाची प्रत काढायला क्रॉनच्या ओळीतच डेट लिहिलं तर ती ओळ अर्धवट तुटते.

वणीची वाट

दोन वेगळी कारणं आहेत. तुमच्या टर्मिनलचं लोकेल क्रॉनला मिळेलच असं नाही, म्हणून सेडचा वाय तिथे अडतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींतच एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ असं एक्सपोर्ट करा. दुसरं, क्रॉनच्या ओळीत % म्हणजे नवी ओळ समजली जाते. डेटच्या साच्यात % असतोच, तेव्हा त्याच्यापुढे \ द्या, नाहीतर डेटचा भाग स्क्रिप्टच्या आत हलवा. मी आतच ठेवते. फोल्डरचा मार्गही पूर्ण लिहा, कारण क्रॉन घरच्या फोल्डरमधून सुरू होतो आणि तिथून नुसत्या . वर फाइंड लावला तर तो भलतीकडेच हिंडेल. आणि स्क्रिप्टचे संदेश एका नोंदफाइलमध्ये वळवा, म्हणजे सकाळी उठून बघता येईल की रात्री कुठली समिती राहिली.

द्राक्षवेल

लोकेल आणि पूर्ण मार्ग टाकले, डेट आत नेला. आज रात्रीची नोंदफाइल उद्या बघून इथे लिहिते. कळवणकर दादा, प्रकारांची यादी तुम्हाला निरोपातून पाठवली आहे. गोल्टीच्या चार-पाच ओळी शंकास्पद आहेत, त्या तेवढ्या बघून सांगा.